रिकाम्या हाताची वेळ

मी पिऊन आलो की नाही, हे बायको कधीच तोंडाच्या वासावरून ओळखत नसे. मी आपला वेलदोडा चघळत, साळसूद चेहरा करून घरात शिरायचो आणि ती फक्त माझ्या गळ्याकडं बघायची. गळ्यात लिंगाचा दोरा दिसला तर ताट वाढायची. नाही दिसला तरी वाढायची, पण बोलायची नाही.

आम्हा लिंगायतांत इष्टलिंग अंगावरून उतरवत नाहीत. लहानपणी दीक्षा झाली की चांदीच्या डबीतलं लिंग दोऱ्यानं गळ्यात येतं, ते शेवटपर्यंत. आंघोळीला, झोपेत, दवाखान्यातसुद्धा ते छातीवरच. मी मात्र मोठा शहाणा. देवाला दारूचा विटाळ नको म्हणून प्यायला जाण्याआधी लिंग काढायचो आणि दुकानातल्या खिळ्याला टांगायचो. साखरेच्या पोत्यामागं, छातीइतक्या उंचीवर तो खिळा होता. आधीपासूनच होता, कोणी आणि कशासाठी ठोकला, हे मी कधी विचारलं नाही. लिंग टांगायचं, शटर ओढायचं आणि बसस्टँडमागच्या हॉटेलात जायचं. सकाळी आंघोळ झाली की दुकान उघडून पुन्हा गळ्यात घालायचं. इतका नेमाधर्मानं वागणारा माणूस दारुडा कसा असेल, असं मला चौदा वर्षं खरोखर वाटत होतं. ज्याच्या गळ्यात देव नाही त्याला ही चूक करतासुद्धा येणार नाही.

सोनपेठातलं हे किराणा दुकान आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी घातलेलं. आता त्यांना मोतीबिंदूमुळं धड दिसत नाही, त्यामुळं माझा मोकळा गळा त्यांना कळत नसणार, असा माझा हिशेब.

दिवाळीच्या आधी माझे हात इतके कापायला लागले की साखर तराजूत कमी आणि बाहेर जास्त पडायची. बायकोनं मला परभणीला नेलं. तिथं अकरा दिवस दवाखान्यात होतो. त्यातले पहिले चार कसे गेले ते मला आठवत नाही, आणि तिला विचारायची हिंमत अजून झालेली नाही. निघायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "संध्याकाळी दिवेलागणीला तुम्ही काय करता?"

"दुकान बंद करतो," मी म्हणालो.

बायको हसली. अकरा दिवसांत पहिल्यांदा, आणि तेही माझ्यावर. मला राग आला. मग बाई म्हणाल्या, "तलप एस.टी.सारखी असते. वेळेवर येते, थोडी थांबते, निघून जाते. गाडी लागली म्हणजे चढलंच पाहिजे असं नाही. पण ती लागते त्या वेळेला तुम्ही कुठं असणार, हातात काय असणार, हे सकाळीच ठरलेलं पाहिजे."

गाड्यांचं मला कोणी शिकवायला नको होतं. लहानपणी आप्पा मला रोज दिवे लागायच्या वेळी हाताला धरून स्टँडवर गाड्या दाखवायला न्यायचे. परळीची गाडी, गंगाखेडची गाडी, पाथरीची गाडी. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी दुकान बंद करून पोराचे लाड करतो म्हणून लोक त्यांना हसायचे. ते माझा हात इतका घट्ट धरायचे की बोटं दुखायची. मी हिसडा मारून सोडवून घ्यायला बघायचो, ते सोडायचे नाहीत. धुळीत सगळं तांबूस दिसायचं, गाडी त्यात विरघळून जायची आणि आम्ही मुकाट्यानं घरी यायचो. माझ्या लहानपणातली सगळ्यात सुखाची आठवण ती.

घरी आल्यावर बायकोनं जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि त्यावर माझा दिवस लिहून काढला. पाचला उठणं. आंघोळ, पूजा. सातला भाकरी. आठला दुकान. दुपारी दोन ते चार झोप, तेवढा वेळ आप्पा गल्ल्यावर. पाचला चहा आणि पोटभर काहीतरी, कारण रिकाम्या पोटी तलप दुप्पट होते असं बाई म्हणाल्या होत्या. म्हणून रोज पाचला डब्यातून सुशीला यायची. आमच्याकडं मुरमुरे भिजवून फोडणीला टाकतात, ती. घरी यायचं ते मागच्या गल्लीनं, स्टँडवरून नाही. सगळ्या दिवसाला असं ठिगळ लागत गेलं. फक्त सहा ते साडेसातची जागा कोरी राहिली.

"या वक्ताला काय करनार?" तिनं विचारलं.

मी त्या कोऱ्या जागेकडं बघत बसलो. बघता बघता माझा उजवा हात गळ्याकडं गेला होता आणि दोऱ्याशी चाळा करत होता. ती त्या हाताकडं बघत राहिली. तेव्हा आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. माझी तलप घशात नव्हती, जिभेवर नव्हती. ती आधी हाताला यायची. दिवे लागले की हात आपोआप दोरा काढायला निघायचा, मन मागाहून.

"हातच रिकामा नगं," ती म्हणाली. मग आत जाऊन शेतातून आलेल्या कापसाचं गाठोडं घेऊन आली. "वाती वळा."

आणि जाताजाता म्हणाली, "एक सांगून ठिवते. या दोऱ्याबिगर घरी आलात त्या दिवशी मी वालूरला जाईन. अन् मग येनार न्हाई." वालूर तिचं माहेर. ती कधी धमक्या देत नाही, म्हणून मला भीती वाटली. लय वाटली.

तर सोनपेठच्या बाजारपेठेत, मिशा असलेला एक माणूस दिवे लागायच्या वेळी पोत्यावर बसून वाती वळायला लागला. सरकी काढायची, कापूस पिंजून त्याचा पेळू करायचा, बोटं राखेत बुडवायची आणि पीळ द्यायचा. गिऱ्हाइकं फुकटची करमणूक सोडतात होय? "शेटजी, लक्षवातीचा नेम धरला का?" म्हाताऱ्या बाया तर वात हातात घेऊन, "पीळ सैल हाय, तेल पिऊन बसंल," असं सुनावून जायच्या. तेल पिऊन बसेल. मी मनातल्या मनात म्हणायचो, बाई, मी तेच तर करत होतो.

सुरुवातीला मला चीड यायची. पण पंधरा-वीस दिवसांनी त्या वेळेचं काहीतरी झालं. बाहेर उजेड मावळत असायचा, मांडीवर कापूस, बोटांना राखेचा मऊपणा, आणि रस्त्यावरची माणसं पाण्याखालून चालल्यासारखी हळू जायची. लांब स्टँडवर गाडीचा हॉर्न वाजायचा. तलप यायची, मला कळायचं. हात वळवळायचा आणि कापसात अडकून पडायचा. मग कधीतरी बघावं तर साडेसात झालेले असायचे. सुख म्हणावं तर सुख नव्हतं, पण त्याच्या शेजारचं काहीतरी होतं.

दुपारच्या झोपेवर मात्र कागदाची सत्ता चालत नसे. त्या दोन तासांत मी हटकून प्यायचो. स्वप्नात गोदावरीचं पात्र कोरडं असायचं, वाळूत एक टेबल, त्यावर ग्लास, आणि मी पीत बसलेलो. समोर आभाळात खिळा, त्याला माझं लिंग टांगलेलं. दोरा वाऱ्यानं हलायचा. जागा व्हायचो तेव्हा तोंडात खरीखुरी चव असायची. मी धडपडत गळा चाचपायचो. दोरा हाताला लागला की उशीत तोंड खुपसून रडायचो. पन्नाशीला आलेला माणूस भर दुपारी रडतो, हे कोणाला सांगणार?

घरी परतल्यापासून एकेचाळिसाव्या दिवशी बायकोला वालूरला जावं लागलं. तिच्या भावाच्या घरी बारसं होतं. सकाळी पिशवी भरून ती दारात थांबली. "उद्या संध्याकाळी येते. जाऊ का?"

"जा की. मी काय लहान हाय?" मी म्हणालो. माझ्या स्वभावातली ही खोड जुनीच आहे; जिथं नको म्हणायचं तिथं छाती काढायची.

ती गेली आणि संध्याकाळी सहाला, सुशीलाबिशीला काही नाही, नुसत्या चहावर मी कापसाचं गाठोडं उघडलं. आत मूठभर सरकी. सगळा कापूस मी वळून संपवला होता. दुकानात वातींचे ढीगच्या ढीग आणि वळायला काही नाही. घरात ते एकच गाठोडं होतं, आता कापूस मागणार कोणाला?

मी साखरेचे पुडे बांधून बघितले. पुडे संपले. बाहेर दिवे लागले. मग मला थेट आठवतं ते एवढंच, की मी साखरेच्या पोत्यामागं उभा होतो, दोरा डोक्यावरून निघालेला होता, आणि लिंगाची डबी हातात होती. मधलं काहीच आठवत नाही.

आणि खिळा नव्हता.

भिंतीवर त्या जागी पांढरा ठिपका होता. बोट लावलं तर चुना, अजून ओला. मी वरखाली चाचपलं. अंधारात चुकलो असेन म्हणून मोबाइलचा उजेड पाडला. खिळा नव्हताच. लिंग जमिनीवर ठेवता येत नाही. पोत्यावर ठेवता येत नाही, त्यावर मी बसतो. गल्ल्यात विड्यांची बंडलं. दुकानात दुसरा खिळा एकच होता, कॅलेंडरचा, आणि त्यावर बायकोच्या अक्षरातला माझा दिवस टांगलेला. तो उतरवल्याशिवाय लिंग टांगता येणार नव्हतं. मी त्या कागदापर्यंत दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो.

डबी धरलेली असताना शटर ओढता येईना. पुन्हा गळ्यात घातलं तर प्यायला जाता येईना. असा मी डाव्या तळव्यावर देव घेऊन मध्येच उभा, तेवढ्यात एक म्हातारी काडीपेटी मागायला आली. तिनं माझ्या हाताकडं बघितलं.

"पूजा चालू हाय व्हय? होऊ द्या. बसते मी." आणि पायरीवर बसली.

आता हिला काय सांगायचं? मी घागरीतलं पाणी घेऊन हातपाय धुतले. वातींची राख होती, तीच कपाळाला लावली. पोत्यावर बसलो, डबी उघडली, लिंग तळव्यावर घेतलं आणि आप्पांनी शिकवलं होतं तसं त्याच्याकडं बघायला लागलो. आधी नुसतं नाटक. तळवा कापत होता, दुकानातल्या बल्बचा ठिपका त्या काळ्या गोटीवर हलत होता. मी त्या ठिपक्याकडं बघत राहिलो. घामानं पाठ भिजली. देवाला सांगितलं, मला आत्ता प्यायचीय, दुसरं काहीही नको. इतकं खरं मी पूजेत आयुष्यात बोललो नव्हतो. स्टँडवर हॉर्न वाजला, एकदा, मग पुन्हा. पायरीवर म्हातारी डुलक्या घेत होती. हळूहळू बल्बचा ठिपका थांबला. कधी ते कळलं नाही. दोरा गळ्यात घालून मी तिला काडीपेटी दिली आणि तिनं हात जोडले, मला की देवाला कोण जाणे.

घरी गेलो तर आप्पा ओसरीत बाजेवर बसले होते. मी जवळ जाताच त्यांनी हात वर केला आणि माझा गळा चाचपला. दोरा बोटांना लागल्यावर हात खाली घेतला.

"खिळा सापडला न्हाई न्हवं?"

"तुमी काढला?"

"दुपारी, तू झोपल्यावर. ती गावाला गेली म्हनून काढला. पकडीनं बी निघंना. लय जाम बसला व्हता." त्यांनी पानाच्या चंचीतून खिळा काढून माझ्या हातावर ठेवला. गंजलेला, वाकलेला, पण बुडाशी, जिथं दोरा घासतो तिथं, गुळगुळीत चकाकणारा. "मीच ठोकला व्हता त्यो. तू दोन-तीन वर्साचा असशील. लिंग काढून टांगायचो अन् शिंदी प्यायला जायचो. देवाला इटाळ नगं म्हनून."

माझेच शब्द त्यांच्या तोंडून आले आणि मी खिळा मुठीत धरून त्यांच्या शेजारी बसलो. विचारलं, "मग सुटली कशी?"

"सुटती कुठं? दिवे लागले की हात गळ्याकडं जायाचाच. मग ह्या हातात तुझा हात धरायचो." त्यांनी उजवा हात दाखवला. "तुला घिऊन स्टँडवर जायचो. शेवटची गाडी जाईस्तोवर धरून ठिवायचो. तू वढायचास, रडायचास बी. पर सोडला असता तर मी गेलो असतो." आणि म्हणाले, "गाड्या बघायला मला कवाच आवडलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सहाला मी दुकान बंद केलं आणि आप्पांना हाताला धरून स्टँडवर गेलो. हॉटेलातून तळणाचा वास आला, दाण्यांचा आला, दुसराही आला. आप्पांनी माझा हात आवळला. त्यांच्या हातात अजून एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. पाथरीची गाडी धुळीतून आली आणि त्यातून बायको उतरली. तिनं आधी माझ्या गळ्याकडं बघितलं, मग आमच्या हातांकडं.

"कापूस आनलाय," ती म्हणाली आणि गाठोडं पुढं केलं.

माझी बोटं दुखत होती. गाठोडं घ्यायला मी डावा हात पुढं केला.