मावंद्याचा रविवार आधी ठरला

हिमालयासमोर उभं राहिलं की माणसाला आपण किती क्षुद्र आहोत हे कळतं, असं आजवर पुष्कळांनी लिहून ठेवलं आहे. माझ्या भावोजींच्या बाबतीत थोडी अडचण होती. हिमालय अजून दीड हजार किलोमीटर लांब असतानाच त्यांच्या केदारनाथ यात्रेच्या सांगतेच्या पत्रिका छापून झाल्या होत्या आणि विचुंब्यापासून आपट्यापर्यंत वाटूनही झाल्या होत्या.

यात्रा करून आलं की गंगापूजन करायचं, चार माणसांना जेवायला घालायचं आणि आलेल्यांनी यात्रेकरूच्या पाया पडायचं, म्हणजे न गेलेल्यांनाही थोडं पुण्य मिळतं. याला मावंदं म्हणतात. यात क्रमाला काही महत्त्व असावं असा माझा समज होता. पण मे महिन्यात नवीन पनवेलमध्ये हॉल मिळत नाही. भावोजींना मिळाला तो कुणाचं तरी लग्न मोडलं म्हणून, आणि तो एकच रविवार. त्यामुळे आधी मावंदं ठरलं, मग रेल्वेची तिकिटं काढली आणि शेवटी केदारनाथाच्या नोंदणीत त्यात बसेल अशी तारीख शोधली. पत्रिकेत ‘यात्रा निर्विघ्नपणे पार पडल्याप्रीत्यर्थ’ असं होतं. निदान ‘निर्विघ्नपणे’ तेवढं काढा, असं मी सुचवलं. त्यावर ते म्हणाले की मजकूर प्रेसवाल्याकडे तयारच असतो, आपण फक्त नावं घालायची.

भावोजींचा उत्साह हा भावोजींचा. जायचं होतं ते ताईला. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, आता एकोणसत्तरची. तिचं लग्न झालं त्याच वर्षी तिच्या सासूबाई केदारनाथ करून आल्या होत्या. त्यांच्या मावंद्याला ताईने दिवसभर पुरण वाटलं आणि नंतर ओळीत उभं राहून पाटावर बसलेल्या सासूबाईंच्या पायांवर पाणी घातलं. त्यानंतर त्या घरात कुठलीही गोष्ट निघाली, म्हणजे अगदी दूध उतू गेलं तरी, केदारनाथाचा चढ निघायचा. आपणही एकदा जाऊन यायचं आणि एकदा पाटावर बसायचं, हे ताईने कुणाला बोलून दाखवलं नाही. मी धाकटा भाऊ असल्याने मला ते न बोलता माहीत होतं. चार महिने ती लिफ्ट असलेल्या इमारतीत सात मजले जिन्याने चढत होती. लिफ्ट बंद आहे असं समजून वॉचमनने दोनदा तक्रार नोंदवली.

मला बरोबर घेतलं, कारण भावोजी कुठेही गेले की पनवेलचं कुणी भेटतं का ते शोधत बसतात आणि बॅगा विसरतात.

हरिद्वारला गाडी ठरवून आम्ही तिघं निघालो. ऋषिकेशच्या पुढे रस्त्याच्या एका बाजूला नदी असते आणि दुसऱ्या बाजूला फलक. राफ्टिंग, बंजी, झिपलाइन, आणि मधूनमधून नितांत शांतता. शांतता देणारी हॉटेलं इतकी झाली आहेत की त्यांच्या दारात लावलेल्या गाड्यांमुळे आम्ही एका जागी दीड तास उभे होतो. गणपतीच्या आदल्या दिवशी कोकणच्या वाटेवर पळस्प्याला जे दिसतं तेच, फक्त हिमालयाच्या सावलीत. पुढच्या गाडीतून चार तरुण उतरले, त्यांनी डोंगराकडे पाठ केली, स्वतःचं चित्रीकरण केलं आणि परत गाडीत बसले. डोंगर त्यांच्या मागे अंगावर ढग घेऊन उभा होता. तो फार सुंदर होता हे मला मान्य करावं लागेल, पण मान्य करायला तिथे निवांतपणा नव्हता.

सोनप्रयागला पाऊस लागला. तिथून पुढे वर सोडायचं की नाही हे प्रशासन ठरवतं, आणि प्रशासनाने दोरी बांधली होती. दोरीच्या अलीकडे काही हजार माणसं रंगीत प्लास्टिकचे रेनकोट घालून उभी होती आणि एकमेकांना समजावत होती की बाबांचं बोलावणं असेल तोच वर जातो. भावोजीही ते लगेच बोलू लागले. ज्यांना बोलावणं आलं होतं त्यांचं आधार कार्ड आणि नोंदणीचा कागद दोरीपाशी पुन्हा तपासत होते, हे मी त्यांच्या नजरेस आणून दिलं. त्यांनी मला पनवेलला परतल्यावर मावंद्यात असलं काही न बोलण्याची विनंती केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोडा वेळ दोरी सुटली. जीपने गौरीकुंडला गेलो. ताई आणि भावोजी खेचरांवर बसले, मी काठी घेऊन चालू लागलो. ताईच्या खेचरवाल्याचं वय साधारण तिच्याएवढंच असेल. चढावर तो एकदाही थांबला नाही, मी दर वळणावर थांबत होतो. तासाभराने वरून शिट्ट्या ऐकू आल्या आणि माणसांचा लोंढा उलटा येऊ लागला. पुढे दगड पडत होते. पोलिसांनी सगळ्यांना परत फिरवलं.

ताई खेचरवाल्याला म्हणाली, “भैया, थोडा और आगे. उस मोड़ तक.”

“मंदिर कल भी वहीं रहेगा, माताजी,” तो म्हणाला आणि त्याने खेचर वळवलं.

मंदिर राहणार होतं, त्याबद्दल कुणाचाच वाद नव्हता. हरिद्वारहून आमची रेल्वे परवा होती आणि त्यानंतरचा रविवार हॉलवाल्याने आम्हाला लिहून दिला होता.

खाली एका टपरीत ताईने मोजे काढले, पिळले आणि परत घातले. चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशीही दोरी बांधलेलीच होती. दुपारी आम्ही गुप्तकाशीला परतलो आणि तिथे भावोजींच्या कर्तबगारीला बहर आला. त्यांनी आधी फोटोचं दुकान शोधलं. ते लोक तुम्हाला भिंतीसमोर उभं करतात आणि मागे केदारनाथ लावून देतात. भावोजींचा फोटो दहा मिनिटांत तयार झाला. त्यात निरभ्र निळ्या आकाशाखाली, लख्ख उन्हात, ते नखशिखांत भिजलेले आहेत. मग त्यांनी पनवेलला गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी शांतपणे विचारलं, गंगाजल घेतलंय ना हरिद्वारचं? मग झालं तर, पूजा गंगेची असते, केदारनाथाची नव्हे. सबंध प्रवासात मी ऐकलेलं हे एकमेव मुद्द्याचं बोलणं.

आता गप्प राहावं की नाही? पण मी ताईच्या बाजूला जाऊन बसलो आणि तिला समजावू लागलो. देव काय तिथेच असतो का, मनात श्रद्धा असली की पुरे, वगैरे. घरच्या गणपतीच्या आरतीलाही जो गॅलरीत उभा राहतो, त्याने हे बोलावं, याची मला बोलतानाच शरम वाटत होती. पण तिचा तो सात मजल्यांचा जिना माझ्या डोक्यातून जात नव्हता.

“तू कधीपासून भाविक झालास?” ताई म्हणाली.

“अगं, अडीचशे पानं सांगितलीत,” भावोजी म्हणाले. “आता काय सांगायचं लोकांना? आणि कुणाला कळणारेय?”

“जेवू देत की लोकांना. जेवायला मी कुठे नाही म्हणते? पण न गेलेल्या पायांवर लोकांची डोकी कशी टेकवून घेऊ?”

भावोजींनी फोटो परत खिशात ठेवला. मला एक उत्तर सुचलं होतं, पण ते पुस्तकातलं होतं.

परतीच्या गाडीत भावोजी फोनवर सगळ्यांना, “वा, फार छान झालं, प्रसन्न वाटलं,” असं सांगत होते. काय छान झालं ते सांगत नव्हते, त्यामुळे त्यांना खोटं बोलताना पकडता येईना. हॉलमध्ये गेल्यावर, समोर एवढी माणसं बघून ताई मऊ पडेल, असा त्यांचा हिशेब होता. खरं सांगायचं तर माझाही तोच होता. ती सासूबाईंच्या त्या पाटासाठी जवळजवळ पन्नास वर्षं थांबली होती. समोर आलेला पाट कुणी सोडतं का?

रविवारी पनवेलच्या उकाड्यात पूजा झाली. पाटाच्या जागी लाल मखमलीची खुर्ची होती, कारण ताईचे गुडघे परतल्यापासून दुखत होते आणि हॉलवाल्याच्या पॅकेजमध्ये खुर्चीच होती. पाय धुवायला परात ठेवली होती. ओळ लागली. ताई खुर्चीत बसली, ओळीकडे बघितलं, मग उठून तिने गुरुजींच्या हातातला माइक घेतला.

“मी केदारनाथला पोचले नाही,” ती म्हणाली. “वाटेतून परत आले. पाऊस होता. तेव्हा माझ्या पाया कुणी पडू नका. सगळ्यांनी जेवून जा.”

भावोजी मसालेभाताच्या भांड्याचं झाकण उघडून आत बघत राहिले. ओळीत पुढे उभ्या असलेल्या नातेवाइकांना मागे फिरावं की वाकावं ते ठरवता येईना. एकजण अर्धवट वाकला होता, तो तसाच राहिला.

तेवढ्यात ओळीतून उरणची कोळीण पुढे आली. ताई तीस वर्षं तिच्याकडूनच मासळी घेते. आज ती जरीची साडी नेसून, गजरा माळून आली होती.

“आमी तं हरद्वार बी नाय बगला,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “म्हनून काय जेवाचा नाय का?”

लोक हसले आणि ताटं घ्यायला निघाले. कोळीण ताईच्या पाया पडली नाही. तिने एक प्लास्टिकची खुर्ची ओढून तिच्याशेजारी मांडली, खाली बघितलं आणि म्हणाली, “पाय कवरे सुजलेत तुजे, बाय.”

ताई मखमलीच्या खुर्चीत परत बसली ती जेवणं आटपेपर्यंत. कुणी पाया पडलं नाही. बरेच जण मात्र थांबून विचारत होते की चढ कुठपर्यंत चढलीस, दगड किती मोठे होते, आणि ती सांगत होती. भावोजींचा फोटो त्यांच्या खिशातच राहिला. मी तिच्याकडे बघत होतो. ती दमलेली दिसत होती आणि बरी दिसत होती.

साडेतीन वाजता संध्याकाळच्या वाढदिवसाचा डीजेवाला आला आणि त्याने ताईला, “मावशी, जरा उठता का,” असं विचारलं. हॉलमधला चालू असलेला एकमेव मोठा प्लग पॉइंट त्या खुर्चीच्या मागे होता.