ठिपकेवाली मुलं

प्रश्न विचारणारी माणसं जगात खंडीभर सापडतील. पण विचारून झाल्यावर खरोखर उत्तराची वाट बघणारी व्यक्ती मी आयुष्यात एकच पाहिली, ती म्हणजे आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या मॅडम. प्रश्न टाकला की त्या खिडकीशी जायच्या, चष्मा काढायच्या आणि पदराने आधी एक काच पुसायच्या, मग दुसरी. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर पुन्हा पहिली. एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले, तर वर्ग चिडीचूप. शोकसभा चालू आहे असं समजून बिचारे दारातच हात जोडून उभे राहिले. मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, दोन मिनिटं. तो विचार करतोय." शाळेबाहेरही तीच तऱ्हा. नळाला इतक्या दिवसांआड पाणी का येतं, याबद्दल एका रिक्षावाल्याचं मत विचारून त्या रिक्षात मागे वाट बघत बसल्या. त्यांचं घर मागे पडलं, पुढचा चौकही गेला, तेव्हा तो काकुळतीला येऊन म्हणाला, "मॅडम, सोच रहा हूँ ना."

माझ्यात एवढा धीर कुठला? मी विज्ञान शिकवतो आणि मला कायम धडे संपवायची घाई. तोंड न उघडणाऱ्या अकरा मुलांच्या नावांपुढे मी हजेरीपटावर पेन्सिलीने बारीक ठिपके देऊन ठेवले होते. यांना विचारण्यात तास घालवायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यात शेंद्र्याहून बसने येणारी एक मुलगी होती. दोन वर्षांत मी तिचा एकच शब्द ऐकला होता: हजर. मग मला मतदारयाद्यांच्या कामाला जुंपलं आणि महिनाभर माझा वर्ग, हजेरीपटासकट, मॅडमकडे गेला. ठिपक्यांचं सांगायचं राहून गेलं.

परत आलो तेव्हा वर्गातून बाजार भरल्यासारखा आवाज येत होता. धरण भरलं तरी आपला नळ कोरडा का, असा फळ्यावर प्रश्न, आणि शेंद्र्याची ती मुलगी उभी राहून बोलत होती. "धरण भरणं येगळं आन् नळाला पाणी येणं येगळं. मधी पाइप लागतो. तो कुणाच्या दारावरून न्यायचा, ते ठरवतं कोण?" मागच्या बाकावरचा दुसरा एक ठिपकेवाला उठून तिचं म्हणणं खोडून काढायला लागला. हा आवाज दोन वर्षं माझ्यासमोर तिसऱ्या बाकावर बसला होता आणि मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

तास संपल्यावर मॅडम कौतुकाने म्हणाल्या, "सर, तुमची पारख लई भारी. ज्यांच्यापाशी सांगण्यासारखं आहे, त्यांच्यापुढंच बरोब्बर ठिपके दिलेत. मी पहिल्या दिवसापासून आधी त्यांनाच विचारत गेले. कसं ओळखलंत?"

मॅडम खिडकीशी गेल्या, चष्मा काढला. पहिली काच, दुसरी काच, पुन्हा पहिली. उत्तर येणार याबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर तिळमात्र शंका नव्हती. तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो.

आता त्यांची पैठणला बदली झाली आहे. फोन केला की अजून विचारतात, "मग सर, कसं ओळखलंत?" आणि थांबतात. पलीकडून काही ऐकू येत नाही, पण चष्मा पुसणं चालू आहे हे मला कळतं. मला माझी लाज वाटते, आणि त्यांची फार आठवण येते. परवा हजेरीपटाच्या पहिल्या पानावर, वर्गशिक्षक म्हणून माझं नाव आहे ना, त्याच्यापुढे मी पेन्सिलीने एक बारीक ठिपका दिला.