माझ्या जंगलात गवत नव्हतं

माझा लॅपटॉप तापला की घरात सगळ्यांना ठसका लागतो. गंमत नाही, खरंच लागतो. आमचा धंदा मिरचीचा. नंदुरबारच्या बाहेर मिरची वाळत घालतात त्या पथारीवर आप्पांची पत्र्याची खोली आहे आणि हा लॅपटॉप दोन हंगाम तिथं बिलं काढायला होता. त्याआधी तो ताईचा, कॉलेजातला. ताई लग्न होऊन सुरतला गेली, पथारीवर नवीन कॉम्प्युटर आला आणि हे म्हातारं माझ्या गळ्यात पडलं. तोवर त्याच्या पंख्यानं पोटभर मिरची खाल्ली होती.

आणि असल्या डबड्यावर मला खेळायचा होता नवाकोरा गेम! त्याचं असं झालं. रविवारी दुपारी जेवणं उरकून सासरची मंडळी आडवी झाली की ताईला तासभर मोकळा वेळ मिळायचा. त्या तासात आम्ही दोघी कानात इअरफोन घालून, ती तिकडे मी इकडे, एक जुना गेम खेळायचो. मग तिच्या नणंदेनं नवीन आणला. भलंमोठं जंगल, एकीनं लपायचं, दुसरीनं शोधायचं. ताई फोनवर म्हणाली, "तुन्हा लॅपटॉपवर हाई चालनार नही वं. राहू दे. नणंदबाई म्हणताहेत, वहिनी, आपणच दोघी खेळू."

झालं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. ताई माझी, रविवारची दुपार माझी, आणि ही कोण लागून गेली? एकदा ती दुपार हातची गेली की ताईही गेली, हे मला पक्कं ठाऊक होतं. लग्न झालेल्या बहिणीला नुसतं "कशी आहेस" विचारायला फोन केला की ती "बरी आहे" म्हणते आणि फोन संपतो. खेळताना मात्र ती भांडते, शिव्या घालते, पहिल्यासारखी होते. म्हटलं, चालत कसा नाही ते बघतेच.

माझ्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाहीच. प्रोसेसरच्या पोटात जे थोडंफार बसवलंय त्यावरच सगळा संसार, तोही रॅमकडून उसनवारी करून. गेम सुरू केला. पहिलं चित्र आलं आणि तिथंच बसलं. झाड अर्धं, आभाळ जांभळं. पंखा मात्र असा सुटला की आतली सगळी मिरची बाहेर! माय स्वयंपाकघरातून शिंकत आली. "काय करी ऱ्हायनी वं तू? फोडनी दिनी का त्या डबडाले?"

मग मी शहाणीनं स्क्रू काढून खालचं झाकण उघडलं. पंख्यावर लाल थर. मारली जोरात फुंकर. गेली ना सगळी डोळ्यांत! मोरीत नळाखाली तोंड धरून मी आप्पांच्या धंद्याचा उद्धार करत होते आणि आप्पा दारात उभे राहून हसत होते. "आपला मालच तिखट शे बेटा," म्हणाले. वर अभिमान! शेवटी त्यांनीच तोंडाला रुमाल बांधून, रंगाच्या जुन्या ब्रशनं पंखा साफ करून दिला.

पंखा सुधारला, गेम अडखळतच होता. मी सेटिंगमध्ये शिरले आणि दिसेल ते बंद करत सुटले. सावल्या बंद. धुकं बंद. चित्राचा आकार निम्मा. तळाशी 'गवत' असं काहीतरी होतं, तेही बंद. लॅपटॉपखाली दोन वाट्या उपड्या घातल्या, समोर कूलर लावला. आणि बाई गं, चाललं की! जंगल म्हणजे मिरची उचलल्यावर उरलेली पथारी आणि झाडं म्हणजे हिरवे ठोकळे. मला काय त्याचं? ताईला फोन लावून म्हटलं, "ये, बसले मी."

पहिल्या डावात ताई लपली. मी शोधायला निघाले तर ही उघड्या माळावर, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. मला वाटलं, चेष्टा करतेय. जाऊन पकडली. ती अशी किंचाळली! तिच्या स्क्रीनवर तिथं डोक्याच्या वर जाईल एवढं गवत होतं म्हणे, वाऱ्यावर डोलणारं. ती त्यात घुसून बसली होती. मी मात्र गवतच बंद केलेलं. आता हे मी सांगते होय? दर रविवारी मी तिला पकडायचे, दर रविवारी ती चिडायची. "तुले दिखस तरी कसं वं?" एकदा नणंदबाई आल्या आपल्या भारी लॅपटॉपसकट. त्यांनाही गवतातून उचललं. त्या दिवशी मला जेवण काय गोड लागलं!

मागच्या महिन्यात एका रविवारी ताईचा आवाज बसलेला वाटला. विचारलं तर म्हणाली, सर्दी. खेळ सुरू झाला आणि ती मला लगेच दिसली. एरवी लपली तरी सारखी मान वळवून मी कुठून येते ते बघायची. आज नुसती बसली होती. मी तिच्याकडे धावत निघाले तेवढ्यात कानात तिचा आवाज आला, अगदी हळू. "आज सावकाश शोध वं. आठे माले कोनी हाक मारत नही." आठे म्हणजे त्या गवतात.

मी जागच्या जागी थांबले. इतके दिवस मी समजत होते की हा तास फक्त मलाच हवाय आणि बिचारी ताई माझ्यासाठी वेळ काढतेय. कोण हाका मारतं, काय बोलतात, सगळं विचारावंसं वाटलं. पण तिच्या शेजारी कुणी झोपलं असेल, ऐकत असेल, म्हणून विचारलं नाही. चार पावलांवर, उघड्या जमिनीवर ती बसली होती आणि तिला वाटत होतं, आपण कुणालाच दिसत नाही.

मी तिच्या अगदी समोरून वळले. दगडामागे बघितलं, ठोकळ्यांमागे बघितलं, परत आले, पुन्हा तिच्या समोरून गेले. आणि मोठ्यानं ओरडले, "कोठे दपनी वं ताई? दिसीच नही ऱ्हायनी!"