गावित माझ्या मागे चालायचा

आमची पलटण तेव्हा वाळवंटातल्या सीमेवर होती. मी मोर्टार प्लाटूनमध्ये नायक होतो. मोर्टारची, म्हणजे उखळी तोफेची, बेस प्लेट बरीच वर्षं माझ्याच पाठीवर असायची आणि ती मीच उचलतो याची मला मिजास होती. पुढे त्या लोखंडाने ही मिजास माझ्या कंबरेतच उतरवली.

पहिल्यांदा कळलं ते सुट्टीत. सायखेड्याच्या स्टँडवरून भर दुपारी चालत घरी आलो. बायको कुसुम उंबऱ्यातच म्हणाली, "डावी चप्पल कुठं हाय?" मी खाली पाहिलं. तापलेल्या वाटेवरून पाय उघडा आला होता, तळव्याला फोड आले होते आणि मला खबर नव्हती. चप्पल तिला मारुतीच्या वळणावर सापडली.

नाशिकरोडच्या एका डॉक्टरांनी मला टाचांवर चालायला लावलं. उजवा पाय चालला. डाव्याचा पंजा ओल्या फडक्यासारखा लोंबत राहिला. त्यांनी टाचणी टोचली. टाचणी मला दिसली, टोचणं कळलं नाही. मणक्यातली गादी सरकून नस दबली होती. फौजेच्या डॉक्टरांना लगेच दाखवा, असं त्यांनी बजावलं. मी हो म्हणालो, एक्स-रे गव्हाच्या कोठीमागे सरकवला आणि ड्यूटीवर परतलो. मेडिकल कॅटेगरी खाली गेली असती तर हवालदारीचा कॅडर कोर्स हुकला असता. मला बाहीवर ती हवालदाराची तिसरी फीत हवी होती. दुसरं कारण नव्हतं.

पलटणीत हे फक्त माझ्या बडीला, जोडीदाराला, कळलं. शिपाई लक्ष्मण गावित, सुरगाण्याकडचा, डोंगरातला. दोन दिवस त्याने माझी चाल पाहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "उस्ताद, तुमचा डावा वाळूत रेघ ओढतोय." मी त्याला तोंड बंद ठेवायला सांगितलं. त्याने ते ठेवलं, वर उपायही काढला. गस्तीला तो माझ्या मागे चालायचा. माझा पंजा खाली पडायला लागला की हळूच म्हणायचा, "डावा." मी गुडघा उचलायचो. ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगं परेडची थट्टा करतंय.

पुढच्या चौकीची वाट आमच्याच सुरुंगपट्ट्यातून जात होती. मीटरभर रुंदीची लेन, दोन्ही कडांना पांढरी टेप. तिथे नियम एकच, पुढच्याच्या पावलात पाऊल टाकायचं. त्या सकाळी ०५:५० ला आम्ही तिघे निघालो. पुढे मी, मागे गावित, त्याच्या मागे रेडिओ ऑपरेटर. आदल्या संध्याकाळी वावटळ येऊन गेली होती. डावीकडची टेप वाळूत दबली होती, पण अधूनमधून दिसत होती.

०६:२० ला गावित म्हणाला, "डावा." मी गुडघा उचलला. पुढचं पाऊल टेकायच्या आत मागे स्फोट झाला.

माझं घसटतं पाऊल टेपच्या बाहेर जाऊन आलं होतं. त्या पायाला काही कळतच नव्हतं, तर मला कुठून कळणार. त्यात जोर नव्हता, म्हणून सुरुंग माझ्याखाली गप्प राहिला. गावितने नियमाप्रमाणे त्याच खुणेत भक्कम पाऊल ठेवलं. त्याची नजर टेपवर असायला हवी होती. ती माझ्या पायावर होती.

ऑपरेटर सेटवर बोलला, "लेन तीन. एक कॅज्युअल्टी. स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

सेटवरून उत्तर आलं, "कोई हिलेगा नहीं. इंजिनिअर आ रहे हैं. ओव्हर."

मी जागच्या जागी वळलो आणि रायफलच्या पट्ट्याने गावितची मांडी आवळली. तो शुद्धीवर होता आणि माझ्या बुटाकडेच बघत होता. ०६:५५ ला त्याचे डोळे तिथेच थांबले. इंजिनिअर ०७:१० ला पोचले. मला धरून बाहेर काढताना माझ्या डाव्या बुटातून रक्त सांडलं. पोटरीत छर्रा घुसला होता. पन्नास मिनिटं मला त्याचाही पत्ता नव्हता.

त्या छर्ऱ्याने माझं खोटं पक्कं केलं. पाय सुरुंगाने गेला, असं सगळ्यांनी धरलं. चौकशीत पायाबद्दल कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मला लाज वाटत होती आणि भीती त्याहून जास्त.

फौजेतून सुटून घरी आल्यावर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या बाजूला सिक्युरिटीची नोकरी धरली. आंघोळीचं पाणी उजव्या पायाने तपासायचं, मोटरसायकलचा गिअर पडला की नाही ते वाकून बघायचं, चपलेला मागून पट्टा लावायचा, हे सगळं अंगवळणी पडलं. एक गोष्ट पडली नाही. कुंपणाच्या कडेने राउंड मारताना, लख्ख उन्हात, पंजा दगडाला अडकायच्या जरा आधी मागून आवाज यायचा. "डावा." मी वळून बघायचो. राखेच्या धुळीत माझ्या पायाची रेघ तेवढी असायची. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण गुडघा उचलायचो, आणि दर वेळी पुढे दगड असायचा.

एका सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत माझा सत्कार झाला. गळ्यात हार घेऊन घरी आलो, तर कुसुमने ती जुनी डावी चप्पल माझ्यासमोर आणून ठेवली. "पाय आधीच गेलता," ती म्हणाली. "मला ठाव हाय. त्या पोराच्या बापाला ठाव नाय."

त्या वर्षी पावसाळा सरता सरता एसटीने सुरगाण्याला गेलो. गावितचे वडील भाताच्या खाचरावर होते. बांधावर बसून मी सगळं सांगितलं. लपवलेला एक्स-रे, तिसरी फीत, त्याची माझ्या पायावरची नजर. फक्त तो शब्द सांगितला नाही. तो तोंडातून निघेना.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग उठले आणि म्हणाले, "घरी चला, भाकरी खाऊन जा." बांध एका माणसापुरता होता. ते पुढे झाले. चिखलात त्यांची पावलं उमटत होती, त्यातच मी माझी टाकत होतो. माझ्या मागे कोणी नव्हतं. पार खालच्या ओढ्यापर्यंत मोकळं रान होतं.

"डावा."

मी गुडघा उचलला. पुढे म्हातारे थांबले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांचे खांदे तेवढे हलले.

"येतो का अजून तो तुमच्या मागं?" त्यांनी विचारलं.

"येतो, बाबा."

"मंग पाय उचलून चाला," ते म्हणाले. "किती दिवस बोलायला लावाल त्याला?"

शिपाई लक्ष्मण गावित. वय तेवीस. पाय कशाने गेला असं आता कोणी विचारलं, की मी आधी चपलेचं सांगतो आणि मग त्याचं.