बुद्धरत्नदादांचं लग्नाचं गाणं

आमच्या जयंतीच्या स्मरणिकेसाठी मी भागातल्या कलाकारांच्या मुलाखती घेते. बहुतेकांना बोलतं करावं लागत नाही, थांबवावं लागतं. चिखलीचे बुद्धरत्नदादा निराळे. चाकणच्या कंपनीतून शिफ्ट करून आले, पेटी पुढ्यात ओढली आणि म्हणाले, "ताई, मला कसला गायक म्हणता? माझा फोन वाजला की शेजारी विचारतात, कोण गेलं?"

झालं असं, की त्यांच्यासोबत काम करणाऱ्या एकाची आई वारली. आमच्यात पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसाच्या आठवणीच्या कार्यक्रमाला, गाणी होतात. दादांनी त्या माउलीवर गाणं रचलं. सगळा मांडव रडला आणि दादा तिथंच अडकले. तेव्हापासून रावेत म्हणू नका, तळेगाव म्हणू नका, कुणीही गेलं की बोलावणं दादांना. दुःखातल्या माणसाला नाही तरी कसं म्हणायचं? बारशाला, लग्नाला मात्र लोक त्यांना जेवायला बोलावतात, माइकजवळ फिरकू देत नाहीत. शकुन-अपशकुन आपण मानत नाही, असं भाषणात ठणकावणारी हीच मंडळी. मला याचा संताप येतो आणि तो मी छापणार आहे.

म्हणून लेकीच्या, भाग्यश्रीच्या लग्नासाठी दादांनी खपून नवं गाणं रचलं.

"हे लोकांना आवडलं की सुटलो, असं वाटलं ताई. कळू दे त्यांना, ह्या गळ्यात दुसरं बी काय हाय."

हळदीच्या दिवशी भाग्यश्री म्हणाली, "पप्पा, डीजे सांगितलाय. तुम्ही नका ना गाऊ. तुमचा आवाज लागला की मला आजी गेली तो दिवस आठवतो." लग्नाच्या सकाळी तिलाच राहवलं नाही. म्हणाली, "एकच म्हणा. पण हसत म्हणा."

"हसत म्हणलो. गाल दुखेपर्यंत हसलो."

आणि गाणं रंगलं. भाग्यश्री रडली नाही. वऱ्हाडी टाळ्यांचा ठेका धरून बसले. शेवटी नवऱ्यामुलाचे आजोबा ज्योतीराम काठी टेकत स्टेजवर आले आणि त्यांनी दादांचा हात धरला. दादांना वाटलं, आता हे बारशाचं आमंत्रण देणार.

"लई गोड गाणं, बुद्धरत्नराव," आजोबा म्हणाले. "माझ्या पुण्यानुमोदनाला हेच म्हणा. पोरांना सांगून ठेवतो."

हे ऐकून मला हसू फुटलं, पण दादांच्या चेहऱ्याकडे बघून ते अर्धवटच राहिलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हणतो म्हणलं." दादांनी पेटी मिटली. "मागच्या रविवारी गाऊन आलो. भाग्यश्री समोरच बसली होती. आता लोक पुण्यानुमोदनाला तेच गाणं मागतात."