रेस सोडली तरी फिरणारं पातं

माझ्या नवऱ्याला हात उचलायची सवय होती. बैलावर, दारावर, माझ्यावर. मशीनवरही.

उमापूरच्या शिवारात आमची मोसंबीची बाग आहे. झाडांखालचं गवत आम्ही मशीननं कापायचो. खांद्याला पट्टा, लांब दांडा, पुढं लोखंडी पातं आणि मागं छोटंसं पेट्रोलचं इंजिन. नवरा चालवायचा, मी मागून गवत गोळा करायची.

त्या साली मशीन बरेच महिने गोठ्यात पडून होती. टाकीत जुनं पेट्रोल तसंच. पावसाळ्यात बाहेर काढली तर सुरूच होईना. दोरी ओढून ओढून नवऱ्याच्या तळहाताची साल निघाली. त्यानं मशीनला लाथ घातली, मग दगड उचलून झाकणावर हाणला. झाकण फुटलं. मी म्हटलं, "आवो, मिस्त्रीकडं नेऊ की." तोच दगड त्यानं माझ्या अंगावर फेकला. कानाजवळून गेला.

दुसऱ्या दिवशी गेवराईला गेलो. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना मी चाचा म्हणायची. चाचांनी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतलं. थोड्या वेळानं तळाला पाण्यासारखा वेगळा थर बसला. कार्बोरेटरमध्ये हिरवट चिकटा होता आणि पेट्रोलची नळी बोटानं दाबताच तुटली.

"पेट्रोलात आता इथेनॉल असतंय, उसाच्या मळीचं," चाचा म्हणाले. "ते हवेतलं पाणी ओढतंय. टाकीत पडून राहिलं की असं होतंय. लहान इंजिनाला सोसत न्हाई."

"मग माझी मोटरसायकल कशी चालती बे त्याच पेट्रोलावर?" नवरा खेकसला. बापाच्या वयाच्या माणसाला बे म्हणाला. मी मान खाली घातली.

"ती रोज चालती, रोज ताजं पेट्रोल पडतंय. ही पडून राहती, भाऊ. काम सरलं की टाकी रिकामी करत जा."

चाचांनी नळी बदलली, कार्बोरेटर धुतला. निघताना पुन्हा बजावलं, "या पेट्रोलावर इंजिन कधी कधी जास्तीच पळतंय. रेस सोडली तरी पातं फिरायलंय असं दिसलं तर चालवू नका. लगेच माझ्याकडं आणा."

काही दिवस मशीन नीट चालली. मग एका सकाळी मला दिसलं, नवऱ्यानं रेस सोडली तरी पातं थांबत नव्हतं.

"आवो, पातं थांबंना. चाचा काय म्हनले होते?"

"गप गवत उचल."

दुपारी त्याला तहान लागली. मशीन बंद न करताच तो पाण्याच्या कळशीकडं वळला. खांद्याला लटकलेला दांडा त्याच्याबरोबर गर्रकन फिरला. साडीचा काठ पात्यात गुंडाळला, मी ओढली जाऊन पडले आणि पातं नडगीत शिरलं. आधी दुखलंच नाही. फक्त कडकड आवाज आला. मग रक्ताच्या मधोमध पांढरं हाड दिसलं आणि मी किंचाळले.

नवऱ्यानं मला पाठीवर घेतलं आणि रस्त्यापर्यंत धावत नेलं. तो रडत होता. माझ्यासाठी त्याला रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

गेवराईच्या दवाखान्यात माझ्या पायाला टाके पडत होते, तेव्हा तो लोखंडी पाइप घेऊन चाचांच्या दुकानात शिरला. "माझी बायको लंगडी केलीस!" म्हणत त्यानं चाचांच्या हातावर घाव घातले. मनगट मोडलं, बोटं चेचली. समोरचे फळवाले धावून आले. त्यांनी पाइप हिसकावला आणि नवऱ्याला इतकं तुडवलं की त्याचा जबडा सुजून एक डोळा मिटला.

संध्याकाळी पोलीस माझा जबाब घ्यायला आले. त्याआधी दीर खाटेशी वाकून कुजबुजला, "मिस्त्रीनं मशीन बिघडवली म्हून पाय कापला, एवढंच सांग."

माझ्या डोळ्यांपुढं चाचांची ती बाटली आली. मी पोलिसांना म्हटलं, "चाचांनी बजावलं होतं. मी पन सांगितलं होतं. ह्यांनी ऐकलं न्हाई. चाचांचा काय गुन्हा न्हाई."

पोलीस बाहेर पडताच दिरानं माझ्या थोबाडीत मारली. शेजारच्या खाटेवरची बाई ओरडत उठली, तसा तो पळाला.

नवरा जामिनावर सुटून आला, तेव्हा मी चुलीपुढं भाजी चिरत होते. "माझ्याविरुद्ध जबाब दिलास?" म्हणत त्यानं हात उगारला. मी भिंतीचा आधार घेऊन उठले आणि विळी हातात धरली. "मारा. पन ह्या खेपेला मी बी मारनार."  विळी खाली केली नाही. तो बाहेर जाऊन ओट्यावर बसला. त्यानंतर त्यानं माझ्यावर हात टाकला नाही. बोलतही फारसा नाही.

मी चालायला लागल्यावर चाचांना भेटायला गेले. त्यांची बोटं आता मिटत नाहीत. डाव्या हातानं स्क्रू फिरवत होते, तो सारखा निसटत होता. मी काही बोलायच्या आत त्यांनीच स्टूल पुढं सरकवलं.

"पाय कसा हाय, बेटी?"

"थंडीत ठनकतोय."

"माझा हात बी," ते म्हणाले आणि चहा सांगितला.