सासूबाईंचा माइकमधला आवाज

गुडगावच्या नव्याकोऱ्या काचेच्या ऑफिसात माझी नोकरी अजून कच्ची होती. पक्की व्हायला एकच अट: गाणी वाजवणाऱ्या आमच्या छोट्या यंत्रासाठी मी असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, लिहिलेला कोड शुक्रवारी साहेबांसमोर नीट चालला पाहिजे. काम काय, तर आवाजाचे मोठाले आकडे छोटे करायचे, आणि तेही झटपट. एखादा आकडा मर्यादेबाहेर गेला तर त्याला तिथेच थोपवायचं, नाहीतर तो वरून थेट तळाला जातो आणि कानात नुसती करकर होते. पण प्रत्येक आकडा तपासत बसलं की वेळ जातो.

चाचणीसाठी मी दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या फ्लॅटमध्ये सासूबाईंचा आवाज रेकॉर्ड केला होता. माइक दिसताच बाई अशा काही मंजुळ झाल्या की लग्नानंतर तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते! एकही आकडा मर्यादेच्या आसपास फिरकेना. मग काय, मी तपासणीच काढून टाकली. कोड सुसाट पळायला लागला, आणि मी हवेत.

बुधवारी साहेबांनी त्यात लग्नातला ढोल घातला. अरे देवा! पत्र्यावर खडी ओतावी तसा आवाज.

"मॅडम, ये क्या है यार? दिल्ली में इतना धीरे कौन बोलता है?"

घरी येऊन मी रडतच सगळं सांगितलं. सासूबाई उखडल्या. "म्हणजे माझा आवाज कमी पडला? माझा? उद्या सकाळी लाव तो माइक बाल्कनीत!"

सकाळी मी माइक लावला आणि भाजीवाला आला. चौथ्या मजल्यावरून गर्जना झाली, "ओ भैय्या! कल का भेंडी पूरा जून निकला!" समोरच्या सोसायटीतली कबुतरं उडाली.

आकडे मर्यादा तोडून पार गेले, आणि मी अखेर प्रोसेसरचं जाडजूड मॅन्युअल उघडलं. आकडा छोटा करता करताच त्याला मर्यादेवर थोपवणारी आयती सूचना त्यात होती. मेलं, आधी कोण वाचतं! ती घातली आणि वेग तसाच राहिला.

शुक्रवारी ढोल साफ वाजला. "इससे भी तेज आवाज है कोई?" साहेबांनी विचारलं. मी जीव मुठीत धरून सासूबाईंची भेंडीची गर्जना लावली. साहेबांनी हेडफोन काढला. "बिल्कुल साफ. नौकरी पक्की. आंटी से पंगा मत लेना."

पेढे घेऊन घरी आले आणि सासूबाईंना त्यांचीच भेंडी ऐकवली. त्यांचा चेहरा पडला.

"अगं, मी अशी ओरडते?"

"रोज, आई."

तेवढ्यात खालून भाजीवाल्याची हाक आली. त्या बाल्कनीत गेल्या आणि अगदी मंजुळ स्वरात म्हणाल्या, "भैय्या, जरा रुकिए."

चार मजले खाली काही पोचलंच नाही; तो निघून गेला. आम्ही पेढे आणि डाळभात खाल्ला.